अलीकडे काय वाचलंत? मुलांसाठी, किशोरांसाठी, मोठ्यांसाठी पुस्तकं सुचवा

खूणचिठ्ठी

हल्ली वाचलेली पुस्तकं इथे सुचवू या. नवीच हवीत असं नाही, पन्नास वर्षांपूर्वीचं पुस्तक परवा वाचलं असेल तरी चालेल. एकच विनंती, नुसतं नाव आणि 'जरूर वाचा' एवढ्यावर थांबू नका. कुणाला द्यायचं, कुठून सुरू करायचं, वाचणारा कुठे अडकतो आणि का, हेही लिहा. चांगली पुस्तकं अर्धवट राहतात ती बहुतेकदा चुकीच्या वयात किंवा चुकीच्या टोकाकडून हातात आल्यामुळे.

माझ्याकडून 'पाडस'. मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांची मूळ कादंबरी १९३८ची, मराठीत आणली राम पटवर्धनांनी. फ्लोरिडाचं रान असूनही भाषा परकी वाटत नाही. तेरा-चौदाच्या पुढे द्यावं. अडचण अशी की नावातलं पाडस पुस्तकात फार उशिरा येतं. आधी झऱ्यावरची पाणचक्की, शेतातली कामं, अस्वलाचा माग, शेजारचं फॉरेस्टर कुटुंब, हे सगळं सावकाश चालतं. मुलं पाडसाची वाट बघून कंटाळतात आणि पुस्तक खाली ठेवतात. म्हणून देतानाच सांगावं की ही आधी ज्योडी आणि त्याच्या बापाची गोष्ट आहे. बापाला साप चावतो तिथवर नेटाने पोचलं की पुढे कुणाला आग्रह करावा लागत नाही. शेवट फार जड आहे, एवढं आधी सांगा. काय होतं ते मात्र सांगू नका.

कानामात्रा

अगदी लहानांपासून लिहिते, कारण या वयात पुस्तक निवडताना सर्वांत जास्त चुका होतात.

अजून वाचता न येणाऱ्या मुलांसाठी माधुरी पुरंदरे यांचं 'चित्रवाचन'. यात शब्द नाहीत आणि तीच त्याची ताकद आहे. मोठी माणसं घाई करतात, 'हा बघ कुत्रा, ही बघ गाडी' म्हणत पान उलटतात. तसं केलं की पुस्तक पाच मिनिटांत संपतं आणि पुन्हा उघडलं जात नाही. एका वेळी एकच चित्र घ्या. 'काय चाललंय?', 'आता काय होईल?', 'तुला असं कशावरून वाटलं?' एवढे तीन प्रश्न पुरतात. तिसरा प्रश्न सोडू नका, त्यानेच मूल चित्राकडे परत बघतं.

नुकतं वाचायला लागलेल्यांसाठी त्यांच्याच 'राधाचं घर' या संचातली छोटी पुस्तकं. वाक्यं आखूड आहेत, माणसं घरातली आहेत आणि लेखिकाच चित्रकार असल्यामुळे शब्द आणि चित्र एकमेकांना सोडत नाहीत.

मराठी वाचताना मुलं कुठे अडतात तेही बघा. काना-मात्रा लवकर बसतात. पंचाईत होते जोडाक्षरांची, त्यातही रफार आणि र-कारांची. 'सूर्य', 'चक्र', 'राष्ट्र', 'कृती' या चारांत र चार ठिकाणी दिसतो किंवा ऐकू येतो, आणि चारही वेळा खूण वेगळी. म्हणून पुस्तक घेण्याआधी मधलं कुठलंही पान उघडा आणि मुलाला मोठ्याने वाचू द्या. पानावर शंभरेक शब्द असतील तर अडखळलेले शब्द बोटांवर मोजा. दोन-तीन बोटं मुडपली तर पुस्तक बरोबर आहे. पाच मुडपली तर ते पुस्तक सध्या आपण वाचून दाखवायचं. एकही नाही मुडपलं तरी पुस्तक नाकारू नका, सोपं पुस्तक सलग वाचल्यानेच वेग येतो. चाचणी पहिल्या पानावर करू नका, ते बहुतेक पुस्तकांत मुद्दाम सोपं ठेवलेलं असतं.

तळटीप

कानामात्रा, जोडाक्षरांबद्दल पूर्ण सहमत. त्यात एक भर. अक्षरांच्या आकारापेक्षा ओळींमधलं अंतर जास्त महत्त्वाचं. देवनागरीत मात्रा वर जातात आणि उकार खाली येतात. ओळी दाटीवाटीने छापल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो आणि मूल ओळ चुकतं. अशा पुस्तकाला कोऱ्या कार्डाची पट्टी लावा आणि वाचत असलेल्या ओळीच्या *वर* धरा, खाली नाही. पुढची ओळ दिसत राहिली की डोळा सहज उतरतो.

फुकट आणि भरपूर हवं असेल तर दोन ठिकाणं. प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर, तिथे मराठी गोष्टी चार पातळ्यांत लावलेल्या आहेत. पातळी वयावरून न निवडता वरच्या बोटांच्या चाचणीवरून निवडा. त्यात अनुवाद बरेच आहेत आणि दर्जा सारखा नाही, म्हणून मुलाला देण्याआधी पहिली चार पानं स्वतः मोठ्याने वाचून बघा. जीभ अडखळली तर ती गोष्ट सोडा. दुसरं 'किशोर' मासिक. बालभारती ते १९७१पासून काढते आणि जुने अंक संकेतस्थळावर खुले आहेत. आठ ते चौदा वर्षांच्या मुलांना अंकातली एखादी गोष्ट, एखादं कोडं एवढंच छापून द्या. अख्खा अंक पडद्यावर कुणी वाचत नाही.

दुमडलेलं_पान

चौथी-पाचवीतलं मूल आहे. वाचता उत्तम येतं, पण वाचत नाही. काय द्यावं?

पानोपानी

दुमडलेलं_पान, या वयात एक उत्तम पुस्तक देण्यापेक्षा एक मालिका द्या. पहिल्या पुस्तकात माणसं, जागा, लेखकाची बोलण्याची ढब हे सगळं नव्याने ओळखावं लागतं आणि बरीच शक्ती तिथेच जाते. दुसऱ्या पुस्तकात ती शक्ती शिल्लक राहते.

मराठीत यासाठी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे अजून भक्कम आहे. वीस पुस्तकं आहेत आणि प्रत्येकाची गोष्ट स्वतंत्र, त्यामुळे हाताला येईल ते घेता येतं. तरी सुरुवात 'फास्टर फेणेची डोंगरभेट'ने करा, बनेशची (हे फास्टर फेणेचं खरं नाव) ओळख तिथे नीट होते. 'चिनी गोटात फास्टर फेणे' पहिलं देऊ नका. त्याला १९६२च्या युद्धाची पार्श्वभूमी आहे, ती माहीत नसेल तर गोष्ट हवेत राहते. आधी नकाशावर सीमा दाखवा, युद्ध कशावरून झालं ते पाच वाक्यांत सांगा आणि मग द्या.

अडचण येते ती जुन्या वस्तूंची. तार, ट्रंककॉल, टांगा. मुलं तिथे थांबून विचारतात आणि आपण लांबलचक समजावत बसतो. नका. 'तार म्हणजे तातडीचा निरोप' एवढं सांगून पुढे जाऊ द्या.

वाचून दाखवत असाल तर प्रकरण संपवू नका, प्रकरण संपायच्या अर्धं पान आधी थांबा आणि पुस्तक मुलाच्या हाताशी ठेवून द्या.

काठावरचा

याच वयासाठी 'तोत्तोचान'. तेत्सुको कुरोयानागी यांचं जपानी पुस्तक १९८१चं, मराठी अनुवाद चेतना सरदेशमुख गोसावी यांचा, नॅशनल बुक ट्रस्टने काढलेला. आगगाडीच्या डब्यांतली तोमोए शाळा आणि मुलीचं बोलणं तासन्‌तास ऐकून घेणारे मुख्याध्यापक कोबायाशी. प्रकरणं दोन-तीन पानांची आहेत, त्यामुळे रोज एक असं सहज चालतं. नऊ वर्षांपासून वाचून दाखवता येतं, अकराव्या-बाराव्या वर्षी मुलं स्वतः वाचतात.

दोन जागा आधी वाचून ठेवा. पोलिओ झालेला यासुआकी, ज्याला तोत्तोचान झाडावर चढवते, तो पुढे वारतो. आणि घरचा कुत्रा रॉकी नाहीसा होतो. ही दोन्ही प्रकरणं फार शांतपणे लिहिलेली आहेत, म्हणूनच ती मुलांना उशिरा कळतात आणि मग खोल लागतात. त्या दिवशी पुढचं प्रकरण लगेच सुरू करू नका. शेवटी हवाई हल्ल्यात शाळा जळते. दुसऱ्या महायुद्धाबद्दल काहीच माहीत नसलेल्या मुलाला तो शेवट अचानक तुटल्यासारखा वाटतो, तेव्हा पुस्तकाच्या मध्यावर कुठेतरी युद्धाचा विषय काढून ठेवा.

तळटीप

लहानांच्या यादीत 'श्यामची आई' कुणीच घातलं नाही, याचं बरं वाटलं आणि वाईटही.

पानोपानी

मी मुद्दाम नाही घातलं. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला ते सलग वाचायला देणं मला पटत नाही. शेवटाकडे कर्ज, अपमान, आजारपण आणि मृत्यू हे एकापाठोपाठ येतं. मूल घाबरतं आणि मोठे म्हणतात, 'किती संवेदनशील आहे.'

काठावरचा

पानोपानी, सलग देणं चूक, पण अजिबात न देणंही चूक. पुस्तकाची रचनाच 'रात्रीं'ची आहे, एकूण बेचाळीस. एका रात्रीची गोष्ट बहुतेक वेळा स्वतंत्र उभी राहते. 'मुकी फुले', 'पत्रावळ', 'श्यामचे पोहणे' या तीन गोष्टी आठ-नऊ वर्षांच्या मुलांना सुट्या वाचून दाखवता येतात. त्यांत धडा आहेच, पण आधी खरीखुरी कृती आहे, कळी न खुडणं, पान नीट टाचणं, पाण्याला घाबरणं. पूर्ण पुस्तक बारा-तेराव्या वर्षी द्यावं. तेव्हा श्यामच्या आईपेक्षा श्यामच्या वडिलांची कोंडी जास्त दिसते, आणि त्यावर बोलता येतं. वाचून झाल्यावर 'यातून काय शिकलास?' एवढं मात्र विचारू नये.

पानोपानी

तीन सुट्या गोष्टींचं मान्य. सलग वाचनाबद्दल माझं मत तेच आहे.

कानामात्रा

सुट्या वेच्यांवरून आठवलं. 'वाचू आनंदे' हा संच बालगट आणि कुमारगट असा दोन वयांसाठी आहे. मराठी साहित्यातले वेचे आणि शेजारी चित्रकलेचे नमुने. याचा खरा उपयोग चाचपणीसाठी होतो. मुलाला कुठला वेचा आवडला त्यावर खूण करून ठेवा आणि त्या लेखकाचं अख्खं पुस्तक पुढच्या महिन्यात आणा. उतारा वाचून मूळ पुस्तकाकडे गेलं नाही तर संचाचं अर्धं काम राहून जातं.

कवितांसाठी विंदा करंदीकरांचं 'एटू लोकांचा देश'. मोठ्याने वाचण्याशिवाय त्याला पर्याय नाही. ठेका धरून वाचा आणि अर्थ विचारू नका.

खूणचिठ्ठी

किशोरवयाकडे वळू या का? सगळ्यांत कमी पुस्तकं तिथेच सुचवली जातात.

उकार_दीर्घ

चार सुचवतो.

पहिलं वीणा गवाणकर यांचं 'एक होता कार्व्हर', १९८१चं. अकरा-बारापासून पुढे. गुलामीत जन्मलेला मुलगा टस्कीगीच्या संस्थेत जाऊन कापसाने निकस झालेली जमीन कशी सुधारतो, याची ही गोष्ट. भाषा सोपी आणि धावती आहे, अडखळण्यासारखं काही नाही. सोबत एक करून बघा. भुईमुगाचं किंवा कुठल्याही शेंगवर्गीय पिकाचं रोप मुळासकट हलकेच उपटा, ओढून नाही, भोवतीची माती सैल करून. मुळांवर गाठी दिसतील. एक गाठ नखाने चिरा, आत गुलाबी-लालसर असेल तर तिच्यातले जिवाणू हवेतला नत्र बांधत आहेत. पांढरी किंवा हिरवट असेल तर गाठ कोवळी तरी आहे किंवा निकामी झालेली. कापसानंतर भुईमूग का, हे मग पुस्तकापेक्षा लवकर समजतं. एक दुरुस्तीही सांगून ठेवा, पीनट बटर कार्व्हरने शोधलं असं सर्रास म्हटलं जातं, ते खरं नाही. पीनट बटरची पेटंटं कार्व्हरच्या कामाच्या आधीची आहेत. कार्व्हरचं मोठेपण त्यावर अवलंबून नाहीच.

दुसरं, जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा. 'यक्षांची देणगी' या संग्रहापासून सुरू करा, मग 'प्रेषित' आणि 'वामन परत न आला' या कादंबऱ्या. 'वामन'मधली संगणकाची वर्णनं आजच्या मुलांना जुनी वाटतात आणि ती पहिल्या वीस पानांत पुस्तक मिटतात. त्यांना सांगा की यंत्रं किती मोठी आहेत ते बघू नका, माणसांनी स्वतःहून हुशार यंत्र बनवावं का, हा प्रश्न बघा. तो प्रश्न आज जास्तच ताजा आहे. त्यांची 'उजव्या सोंडेचा गणपती' ही कथा वाचून झाल्यावर (आधी नाही, नाहीतर रहस्य फुटतं) मोबियसची पट्टी करा. तीस सेंटिमीटर लांब, तीन सेंटिमीटर रुंद कागद, एक टोक अर्धा पीळ देऊन दुसऱ्याला चिकटवा. मधोमध रेघ ओढत गेलात की ती दोन्ही बाजूंना फिरून सुरुवातीला येते. त्या रेघेवर कापलं तर दोन कडी न होता एकच लांब कडी होते. उजव्याचं डावं होतं ते बघायचं असेल तर कागद चालणार नाही, पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी हवी, कारण आकृती दोन्ही बाजूंनी दिसायला लागते.

तिसरं मिलिंद बोकील यांचं 'शाळा'. नाव बघून पालक हे पाचवीतल्या मुलाला आणतात. ही नववीतल्या मुलांची कादंबरी आहे, त्यांच्या बोलण्यातल्या शिव्या आणि आकर्षण सगळं त्यात आहे, मागे आणीबाणी आहे. चौदा-पंधराव्या वर्षी द्यावं आणि दिल्यावर पाठ सोडावी. 'कुठवर आलास?' असं या पुस्तकाबद्दल विचारू नये.

चौथं प्रकाश नारायण संतांचा लंपन, त्यांच्या कथांमधला मुलगा. क्रम पाळा: 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर'. कथा सुट्या वाचता येतात, पण लंपन हळूहळू मोठा होतो आणि ते क्रमानेच कळतं.

दुमडलेलं_पान

लंपनच्या भाषेवर बरेच जण पहिल्या पंधरा पानांत अडकतात ना? कानडी वळणाची मराठी आहे.

उकार_दीर्घ

हो. उपाय एकच, पहिली कथा मोठ्याने वाचायची. सीमाभागातल्या त्या मराठीत क्रियापदाची जागा आणि हेल वेगळे आहेत, डोळ्याला ते चुकल्यासारखं दिसतं, कानाला लगेच बरोबर वाटतं. न कळलेले शब्द शोधत बसू नका, पाच-सहा पानांत ते परत येतात आणि आपोआप उलगडतात. आणखी एक. घटना शोधत वाचलं तर 'इथे काहीच घडत नाही' असं वाटेल. मूल एखाद्या वासाने किंवा आवाजाने भारून जातं, तीच तिथली घटना.

तळटीप

मोठ्यांसाठी माझी दोन.

इरावती कर्वे यांचं 'युगान्त'. लोक पहिल्या लेखापासून सुरू करतात, तो भीष्मावरचा 'शेवटचा प्रयत्न'. त्यात वंशावळ, वयं, पिढ्यांचा हिशोब आहे. महाभारताचे तपशील ताजे नसतील तर तिथेच दम लागतो. 'गांधारी'पासून सुरू करा, ते कथेसारखं वाचता येतं. मग 'द्रौपदी', मग 'मयसभा', आणि त्यानंतर पहिल्या लेखाकडे परत या. 'कृष्ण वासुदेव' आणि शेवटचं प्रकरण शेवटीच. शंतनूपासून परीक्षितापर्यंतची वंशावळ एका कागदावर काढून पुस्तकात ठेवा, खूण म्हणूनही तोच कागद वापरा.

वाचताना वाद होतात ते एका कारणाने. इरावतीबाई भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीवरून (अनेक हस्तलिखितं ताडून ठरवलेल्या पाठावरून) लिहितात. कीर्तनं, मालिका आणि बोलीतल्या कथांमधून आपल्याला पाठ असलेल्या कितीतरी गोष्टी त्या संहितेत नाहीत. गणपतीने महाभारत लिहून घेतलं हा प्रसंगसुद्धा तिथे मुख्य पाठात नाही. हे आधी माहीत असलं की 'हे कुठून काढलं?' असा राग येत नाही. त्यानंतर दुर्गा भागवतांचं 'व्यासपर्व' घ्या. तीच माणसं, पण बघणं अगदी निराळं. दोन्ही एकाच आठवड्यात मात्र वाचू नका.

दुसरं लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. संक्षिप्त आणि संपूर्ण अशा दोन्ही आवृत्त्या मिळतात, मुखपृष्ठावरून फरक कळेलच असं नाही, आतलं पान बघा. माझा आग्रह संपूर्णचा. काटछाटीत प्रसंग राहतात, पण लक्ष्मीबाई एका गोष्टीतून दुसरीत ज्या सहजपणे जातात ती चाल जाते. सुरुवातीला नातेवाइकांची गर्दी आहे, ती लक्षात ठेवायची गरज नाही. लागतील ती माणसं पुढे पुन्हा येतात.

काठावरचा

बऱ्याच वर्षांनी पुन्हा वाचायला बसलेल्या मोठ्यांना यातलं काहीच पहिलं देऊ नका. सवय मोडलेली असते, लक्ष दहा-पंधरा मिनिटं टिकतं. त्यांना कमी पानांचं आणि एका श्वासाचं पुस्तक हवं. विश्राम बेडेकरांचं 'रणांगण', १९३९चं. युरोपातून निघालेली बोट, तिच्यावरचे ज्यू निर्वासित, चक्रधर आणि हॅर्टा. तीन-चार बैठकांत संपतं. सुरुवातीला अनेक प्रवासी एकदम समोर येतात, तिथे गोंधळायला होतं. फक्त या दोघांना धरून चला.

किंवा व्यंकटेश माडगूळकरांचं 'बनगरवाडी'. निवेदन प्रमाण मराठीत आहे आणि संवाद माणदेशी बोलीत, त्यामुळे बोलीची भीती वाटणाऱ्यांनाही जमतं. धनगरांच्या वस्तीवर आलेला कोवळा मास्तर, कारभारी, आयबू. घाईने वाचलं तर हातात काही राहत नाही, म्हणून रोज एकच प्रकरण.

दुमडलेलं_पान

माडगूळकरांचंच 'सत्तांतर' घरात आहे. वानरांची गोष्ट म्हणून दहा वर्षांच्या मुलाला देऊ का?

पानोपानी

नको. पानं कमी आणि पात्रं वानरं, म्हणून ते बालवाङ्मय वाटतं. टोळीचा ताबा घेणारा नवा नर आधीच्या नराची पिल्लं मारतो, हे वानरांच्या वागण्यातलं खरं निरीक्षण आहे आणि पुस्तकात ते झाकलेलं नाही. सोळाच्या पुढे द्या, आणि मोठ्यांनी तर वाचाच. नराने पिल्लं का मारली याचं उत्तर ते पुस्तक माणसाच्या तोंडी घालत नाही. पिल्लू अंगावर पीत असेपर्यंत मादी पुन्हा माजावर येत नाही, एवढं जीवशास्त्र माहीत असलं की पुरे.

उकार_दीर्घ

जुनी पुस्तकं विकत घेणाऱ्यांसाठी एक सूचना. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांत छापून बांधलेलं असतं. बांधणीत चूक झाली की एक-दोन पानं नाही, अख्खा फर्मा गळतो किंवा दोनदा लागतो. त्यामुळे सगळी पानं चाळायची गरज नसते. १६–१७, ३२–३३, ४८–४९ असे सांधे तपासा, दोन मिनिटांत कळतं. सुरुवातीच्या पानांना वेगळे आकडे असतील तर सांधे तेवढे सरकतात. कडेच्या ओळी तिरक्या, अक्षरं फुगलेली आणि चित्रं काळवंडलेली दिसली तर ती प्रत छायाप्रतीवरून काढलेली आहे, ती घेऊ नका. मुलांच्या पुस्तकात चित्र गेलं तर अर्धं पुस्तक गेलं.

दुमडलेलं_पान

'सत्तांतर' वरच्या फळीवर ठेवलं. मुलासाठी 'डोंगरभेट' आणतोय. सांधे तपासून घेईन.

पानोपानी

आणि सोबत दुसरा फास्टर फेणेही आत्ताच आणा. पहिला संपेल त्या संध्याकाळी दुसरा घरात हवा, आठवडा मध्ये गेला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.